इजिप्तवरचं पुस्तक घेताना आधी मागची पानं उघडा

इजिप्तवरचं इंग्रजी पुस्तक स्वस्तात शोधायला निघालं की हाताला सगळ्यात आधी बज लागतात. नागपुरात बर्डीवर जुनी पुस्तकं चाळा, नाहीतर मोबाइलवर ‘एन्शंट इजिप्त’ टाकून कमी किमतीची पुस्तकं वर घ्या. काळं-सोनेरी मुखपृष्ठ, त्यावर तुतानखामुनचा मुखवटा आणि आत ई. ए. वॉलिस बज यांचं ‘द बुक ऑफ द डेड’. बज ब्रिटिश म्युझियमचे अधिकारी, वारले 1934 साली. त्यांच्या पुस्तकांवरचे हक्क केव्हाच संपले, त्यामुळे ती कुणीही छापू शकतो. स्वस्ताईचं कारण एवढंच. अनीच्या पपायरसचा, म्हणजे ‘बुक ऑफ द डेड’च्या एका जुन्या प्रतीचा, त्यांचा अनुवाद 1895 चा, पण नव्या छपाईत ते साल बहुधा कुठेच दिसत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, परवाचंच पुस्तक आहे.

जुनं असणं हा गुन्हा नाही. पण इजिप्तची भाषा वाचण्याचं शास्त्र 1895 नंतर इतकं पुढे गेलं, की बज यांचं वाचन आज विद्यार्थ्याला शिकवलं तर पुढे सगळं पुसून नव्याने शिकावं लागतं. हे ओळखायला दुकानात दोन मिनिटं पुरतात. मागची शब्दसूची उघडा आणि ‘सेनुस्रेत’ शोधा. बाराव्या राजघराण्यातल्या तीन राजांचं हे नाव. ते ‘सेनुस्रेत’ किंवा ग्रीक वळणाने ‘सेसोस्ट्रिस’ असेल तर ठीक. ‘उसरतेसेन’ असेल तर मजकूर शंभर वर्षांपूर्वीचा आहे, मुखपृष्ठ कितीही चकचकीत असो.

ही चूक झाली कशी, ते कळलं तर इजिप्तची लिपीच थोडी कळते. सेनुस्रेत म्हणजे ‘वोस्रेत देवीचा माणूस’. उच्चारात देवी शेवटी येते, पण लिहिताना देवाचं नाव मानाने आधी लिहायची रीत होती. लग्नपत्रिकेत कुलदैवत सगळ्यात वर छापतात, म्हणून ते नवऱ्यामुलाच्या नावाचा भाग होत नाही, तसंच. जुन्या अभ्यासकांनी जसं दिसलं तसं वाचलं आणि ‘उसर्त’, म्हणजे वोस्रेतचंच जुनं वाचन, आधी आलं.

तुतानखामुनच्या नावाची लांबट चौकट, म्हणजे कार्टूश, जवळून पाहा. सगळ्यात वर बोरूचा तुरा, त्याचा आवाज ‘इ’. मग सोंगट्या मांडलेला पट, ‘म्न’. त्याखाली पाण्याची लाट, ‘न’. ही ‘म्न’मधला ‘न’ पक्का करायला असते, वेगळी वाचायची नाही. झालं ‘इमन’, म्हणजे आमुन देव. त्यानंतर पाव ‘त’, लाव्याचं पिल्लू ‘उ’, पुन्हा पाव ‘त’ आणि वर फास असलेला क्रूस, ‘अंख’. लिहिलंय आमुन-तुत-अंख, वाचायचं तुत-अंख-आमुन: ‘आमुनची जिवंत प्रतिमा’. खालची तीन चिन्हं नावाची नाहीतच, ती त्याची उपाधी आहे. मुलांसाठीची पुस्तकं ही सगळी चौकट ‘तुतानखामुन’ म्हणून देतात आणि खालची तीन चिन्हं काय करताहेत ते सांगत नाहीत. ज्या पुस्तकात ती तीन वेगळी काढून दाखवली आहेत, त्याच्या लेखकाला लिपी येते असं समजायला हरकत नाही.

दुकानात उभ्या उभ्या पाहायच्या आणखी तीन जागा

पहिली, राजांच्या काळाचा तक्ता. दुसरा रामेसेस गादीवर कधी आला? आजची बहुतेक पुस्तकं इ.स.पू. 1279 देतात. 1304 किंवा 1290 दिसलं तर लगेच चूक म्हणू नका. त्याच्या कारकिर्दीच्या 52 व्या वर्षी अमावास्येची एक नोंद आहे. इजिप्तचं वर्ष 365 दिवसांचं, अधिक दिवस नाही. अशा 25 वर्षांत चांद्रमास जवळपास पूर्ण बसतात आणि अमावास्या पुन्हा त्याच तारखेला येते. मधे 11 आणि 14 वर्षांनीही जवळ येते. म्हणून तीनच सालं उरतात, 1304, 1290 आणि 1279. पंचांग पाहणाऱ्या घरात हे समजावून सांगायला लागू नये. चांगलं पुस्तक तक्त्याच्या सुरुवातीलाच सांगतं की मागे जावं तसा फरक वाढतो, जुन्या राज्यात, म्हणजे मोठ्या पिरॅमिडांच्या काळात, तर तो काही दशकांचा होतो. एकही ‘सुमारे’ न लिहिता पहिल्या राजघराण्यापासून नेमकी सालं देणारं पुस्तक खाली ठेवा.

दुसरी जागा पिरॅमिडची. गुलामांनी बांधले, असं वाक्य असेल तर लेखकाने 1990 नंतरचं वाचलेलं नाही. त्या वर्षी गिझाला कामगारांची थडगी सापडू लागली, राजाच्या पिरॅमिडच्या परिसरात, मानाने पुरलेल्यांची. शेजारी पुरातत्त्वज्ञ मार्क लेहनर यांनी त्या लोकांची वस्ती खणून काढली: भट्ट्या, गुरांची हाडं, झोपायच्या लांब खोल्या. मग 2013 मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी मिळाली. चाळीसेक माणसांची टोळी तुरा खाणीतला पांढरा चुनखडक होडीने गिझाला कसा पोचवत होती, याच्या तारीखवार नोंदी, त्याही गिझाचा सगळ्यात मोठा पिरॅमिड ज्याचा, त्या खुफू राजाच्याच कारकिर्दीतल्या. आज पिरॅमिडवर लिहिणारा मेरेरचं नाव घेत नसेल तर ते प्रकरण शिळं.

उलट टोकाची पुस्तकं परग्रहावरच्या पाहुण्यांना बोलावतात. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, फक्त हिशेब आहे का ते पाहा. खुफूच्या पिरॅमिडमध्ये सुमारे 23 लाख दगड, बांधायला साधारण 20 वर्षं धरली तर दिवसाला 315. दहा तासांचा दिवस धरला तर दर दोन मिनिटांना एक दगड. हे अवघड आहे, पण टोळ्या, घसरगाड्या, ओली वाळू आणि नाईलचा पूर यांनी ते कसं जमवलं यावर वाद घालता येतो. रहस्याची पुस्तकं ‘अशक्य’ म्हणतात आणि भागाकार करत नाहीत.

तिसरी जागा तुतानखामुनच्या मरणाची. 1968 च्या क्ष-किरण चित्रात कवटीत हाडाचे तुकडे दिसले आणि खुनाच्या गोष्टीला जोर आला. 2005 च्या सीटी स्कॅनमध्ये डोक्यावर घाव घातल्याचा पुरावा मिळाला नाही, मांडीच्या हाडाचा मोडलेला भाग मात्र दिसला. 2010 च्या डीएनए तपासणीत मलेरियाचे अंश आणि पायाच्या हाडाचा आजार समोर आला. आजही एकच कारण ठामपणे सांगता येत नाही. खून ठाम सांगणारं पुस्तक 2005 आधीचं असेल, नाहीतर त्याला खप हवा असेल.

मग घ्यायचं कोणतं

पहिलंच पुस्तक घेणाऱ्याने बार्बरा मर्ट्झ यांचं ‘टेम्पल्स, टूम्ब्स अँड हायरोग्लिफ्स’ घ्यावं. मूळ 1964 चं, पण 2007 ची सुधारित आवृत्तीच घ्या. बाई शिकलेल्या इजिप्तच्या शास्त्रात आणि लिहितात गप्पा मारल्यासारख्या. कंटाळा येत नाही, आणि अभ्यासकांचं कुठे पटत नाही तेही कळतं. चित्रं मात्र थोडीच.

सलग राजकीय इतिहास हवा असेल तर टोबी विल्किन्सन यांचं ‘द राइज अँड फॉल ऑफ एन्शंट इजिप्त’ (2010). क्लिओपात्राच्या मृत्यूपर्यंत येतं. लेखकाची बाजू स्पष्ट आहे: राजसत्ता म्हणजे दहशत आणि देखावा. वाचनीय आहे, पण शेतकऱ्याची भाकरी कुठून येत होती ते यात कमी. एकाच लेखकाचं मत इतिहास म्हणून पचू नये म्हणून शेजारी इयन शॉ यांनी संपादित केलेलं ‘द ऑक्सफर्ड हिस्टरी ऑफ एन्शंट इजिप्त’ (2000) ठेवा. दर काळाचं प्रकरण त्या त्या तज्ज्ञाचं, अश्मयुगापासून इ.स. 395 पर्यंत. भाषा रुक्ष, सलग वाचवत नाही. संदर्भासाठी मात्र याला तोड नाही. एमपीएससी-यूपीएससीच्या पोरांनी यात वेळ घालवू नये. त्यांच्या कामाचं यातलं चार पानांत आटपतं.

एकच पुस्तक घेण्याची ऐपत असेल आणि विषय खरंच मनापासून आवडत असेल, तर ते बॅरी केम्प यांचं ‘एन्शंट इजिप्त: अनॅटॉमी ऑफ अ सिव्हिलायझेशन’. 1989 ची आवृत्ती जुन्यांत स्वस्त मिळते, पण घ्यायची ती 2018 ची तिसरी. केम्प यांनी 1977 पासून अमार्नाला, म्हणजे अखेनातेनच्या शहरात, खोदकाम चालवलं. म्हणून या पुस्तकात सोन्याचे मुखवटे मागे आणि धान्याची कोठारं, गल्ल्या, घरांचे नकाशे पुढे. मजुराचा रोज दहा पाव आणि बिअरचं एक माप, मग साहेबाला त्याच्या किती पट, आणि कागदावरचे हे पाव खरंच भाजले जायचे की नुसता हिशेबाचा आकडा होता, अशा प्रश्नांवर हा माणूस पानंच्या पानं खर्च करतो. काटोल रोडवर जुनापाणीची शिळावर्तुळं पाहिलेल्या कुणालाही हा मुद्दा लगेच पटेल: दफनांवरून मेलेल्यांबद्दल पुष्कळ कळतं, जिवंतांच्या चुलीबद्दल फार थोडं. इजिप्तची निम्मीअधिक पुस्तकं थडग्यातून बाहेरच येत नाहीत, केम्प येतात. तक्रार एकच: राजांची क्रमवार गोष्ट आधीच माहीत आहे असं ते धरून चालतात. त्यामुळे पहिलं पुस्तक म्हणून नको.

पिरॅमिडसाठी लेहनर यांचं ‘द कम्प्लीट पिरॅमिड्स’ (1997). उभे छेद, आतल्या वाटा, मोजमापं अशी दुसरीकडे एकत्र मिळत नाहीत. पण साल पाहा: मेरेरची रोजनिशी यात असणं शक्यच नाही. तिच्यासाठी पिएर ताले आणि लेहनर यांचं ‘द रेड सी स्क्रोल्स’ (2021) वेगळं घ्यावं लागतं. ममींसाठी सलिमा इक्राम आणि एडन डॉडसन यांचं ‘द ममी इन एन्शंट इजिप्त’ (1998). सत्तर दिवसांची सगळी क्रिया, नॅट्रॉन मिठात सुकवणं, पट्ट्या गुंडाळायच्या पद्धती काळाप्रमाणे कशा बदलल्या, सगळं फोटोंसह. 2023 मध्ये कैरोजवळच्या सक्कारातल्या, लेपांच्या मडक्यांमधल्या अवशेषांची तपासणी जाहीर झाली आणि लेपांची यादी बदलली. ‘अंतिउ’ म्हणजे हिराबोळ असं जुनी पुस्तकं सांगतात. त्या मडक्यांत ते देवदार-जुनिपरसारखी तेलं आणि चरबी यांचं मिश्रण निघालं. सोबत दामर मिळाली, आग्नेय आशियाकडची राळ. आपल्याकडची राळ ज्या सालवृक्षाची, त्याच कुळातली. 1998 च्या पुस्तकात हे पान पेन्सिलीने दुरुस्त करून घ्या.

मूळ लेखन वाचायचं तर मिरियम लिखटहाइम यांचे तीन खंड (1973, 1976, 1980). सगळे परवडत नसतील तर दुसरा खंड, नव्या राज्याचा, म्हणजे तुतानखामुन आणि रामेसेस यांच्या काळाचा. प्रेमगीतं त्यात आहेत. ‘बुक ऑफ द डेड’ हवंच असेल तर बज नको, रेमंड फॉकनर यांचा अनुवाद घ्या. मुळात हे एक पुस्तक नव्हेच. हे नाव 1842 मध्ये जर्मन अभ्यासक लेप्सियस यांनी दिलं. इजिप्तचे लोक त्याला ‘दिवसा बाहेर येण्याचे मंत्र’ अशा अर्थाचं नाव द्यायचे. ऐपतीप्रमाणे कुणी जास्त मंत्र लिहून घ्यायचा, कुणी कमी. गरुडपुराणासारखं घरोघरी एकच, असा समज करून वाचायला बसलं की प्रती जुळत नाहीत आणि गोंधळ होतो.

मराठीत काय आहे

थोडं. मीना प्रभूंचं ‘इजिप्तायन’ प्रवासवर्णन म्हणून आनंदाने वाचा, पण त्याच्या भरवशावर संग्रहालयं शोधू नका. तिकडची मांडणी नंतर बदलली आहे. एप्रिल 2021 मध्ये राजा-राण्यांच्या 22 ममी कैरोच्या ताहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयातून फुस्तात भागातल्या नव्या संग्रहालयात गेल्या. तुतानखामुनचा खजिना गिझाजवळच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहे, त्याचं उद्घाटन नोव्हेंबर 2025 मध्ये झालं. याआधी छापलेलं कुठलंही प्रवासी पुस्तक या बाबतीत रद्दी. मराठी विश्वकोशातल्या नोंदी फुकट वाचता येतात आणि संज्ञांसाठी उपयोगी आहेत, फक्त त्यातल्या सालांचा पडताळा नव्या पुस्तकाशी घ्या.

मराठी मजकुरात एक शब्द हमखास घसरतो. ‘हायरोग्लिफ’ला ‘चित्रलिपी’ म्हटलं, की वाचणारा समजतो पक्षी म्हणजे पक्षी. लाव्याचं पिल्लू ‘उ’ आहे, लावा नव्हे. चिन्हांचा मोठा भाग आवाजाचा आहे, आणि ही लिपी उलगडणाऱ्या शाम्पोलियोंना 1822 मध्ये सापडलं ते हेच. ‘फॅरो’ शब्दाचं मात्र मराठीत छान जमतं. ‘पर-आ’ म्हणजे मोठं घर. नागपूरच्या महाल भागात ‘वाड्यावरून निरोप आला’ म्हटलं तर निरोप विटांनी पाठवलेला नसतो, भोसल्यांनी पाठवलेला असतो. तसं घराचं नाव राजाला चिकटलं, तेही नव्या राज्यात. खुफूच्या काळी राजाला कुणी फॅरो म्हणत नव्हतं.

मुलांसाठी जॉर्ज हार्ट यांचं डीके आयविटनेस मालिकेतलं पुस्तक (1990) पुरेसं आहे. चौथी ते आठवी. फोटो प्रत्यक्ष वस्तूंचे आहेत, कल्पनाचित्रांचा भरणा नाही. ममीची पानं लहानग्याला दाखवण्याआधी तुम्ही पाहून घ्या, एवढंच.

लिपी शिकायची असेल तर

मार्क कोलियर आणि बिल मॅनली यांचं ‘हाउ टू रीड इजिप्शियन हायरोग्लिफ्स’ (1998) घ्या आणि दुसरं काही घेऊ नका. ब्रिटिश म्युझियममधल्या खऱ्या शिळांवरचे धडे, मागे उत्तरं. पहिल्या आठवड्यात एका आवाजाची चोवीसेक चिन्हं हाताने गिरवा, नुसती पाहून बसत नाहीत. मग ‘हतप-दि-नेसू’ हे अर्पणाचं सूत्र पाठ करा. बहुतेक थडग्यांच्या शिळा त्यानेच सुरू होतात, त्यामुळे महिन्याभरात संग्रहालयातली शिळा थोडीफार उलगडते. लोक अडकतात ते दोन आवाजांच्या चिन्हांपाशी, कारण शेजारी तोच आवाज पुन्हा लिहिलेला असतो आणि दोनदा वाचला जातो. वरच्या ‘म्न’खालची लाट आठवा. कोलियर-मॅनली संपलं आणि ओढ टिकली, तर जेम्स ॲलन यांचं ‘मिडल इजिप्शियन’, 26 पाठ, व्याकरणासह. गार्डिनर यांचं व्याकरण (1927) भव्य आहे, पण सुरुवातीला त्यातली चिन्हांची यादी तेवढी वापरा.

छपाई, मागवणं, जपणं

यातली बरीच पुस्तकं नागपुरात कपाटात तयार नसतात, मागवावी लागतात. मागवताना नावाबरोबर आवृत्तीचं साल आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला क्रमांक, लिहून द्या; नुसतं ‘केम्प’ म्हटलं तर जुनी आवृत्ती येते आणि परत जात नाही. ऑनलाइन घेताना प्रकाशकाचं नाव पाहा. ‘इंडिपेंडंटली पब्लिश्ड’ किंवा कधी न ऐकलेलं नाव असेल तर ती बहुधा स्कॅन करून मागणीनुसार छापलेली प्रत. तिच्यात चित्रं करडी डाग होतात आणि लिप्यंतरातले विशेष स्वर-व्यंजन गाळले जातात. भाषेच्या पुस्तकात ही खोट जीवघेणी. इजिप्तच्या ‘अलिफ’ या आवाजासाठी रोमन लिप्यंतरात वापरतात ते चिन्ह आकडा 3 सारखं दिसतं. छापणाऱ्याने तिथे खरोखर 3 किंवा प्रश्नचिन्ह टाकलं असेल तर प्रत परत करा.

जुनी प्रत घेताना रंगीत पानांचा गठ्ठा पूर्ण आहे का ते चित्रांच्या यादीशी ताडा. नकाशा फाडून नेलेला असतो. पाठीवरचा डिंक वाकवून पाहा. आपल्या मेमध्ये जाड पेपरबॅकची पाठ कोरडी पडून मधोमध फुटते. आणि कूलरच्या थेट झोतात आर्ट पेपरचं पुस्तक ठेवू नका. ओल्या हवेने पानं एकमेकांना चिकटतात, सोडवायला गेलं की तुतानखामुनचा अर्धा चेहरा समोरच्या पानावर जातो.

एक कोपरा दुकानदारालाही सहसा माहीत नसतो. बरीच पुस्तकं क्लिओपात्रापाशी, इ.स.पू. 30 ला, थांबतात, आणि आपला संबंध त्यापुढेच दाट होतो. स्टीव्हन साइडबॉटम यांचं ‘बेरेनिके अँड द एन्शंट मेरिटाइम स्पाइस रूट’ (2011) त्यासाठी. तांबड्या समुद्रावरच्या या बंदरातल्या मंदिरात एका मोठ्या रांजणात सुमारे साडेसात किलो भारतीय काळी मिरी सापडली. त्याच बंदरातल्या इसिस देवीच्या मंदिराच्या अंगणात मिळालेली संगमरवरी बुद्धमूर्ती 2023 मध्ये जाहीर झाली. पुस्तक त्याआधीचं असल्याने ती यात नाही. दीक्षाभूमीच्या गावातल्या वाचकाने तिचा फोटो वेगळा काढून पुस्तकात ठेवावा.

आणि वाचलेलं पडताळून पाहायला कैरो गाठायची गरज नाही. हैदराबादच्या राज्य संग्रहालयात, पब्लिक गार्डन्समध्ये, एक ममी आहे. नागपूरहून रात्रीची गाडी. जाताना इक्राम-डॉडसनमधलं पट्ट्यांचं प्रकरण वाचून जा, आणि काचेपाशी उभं राहून पट्ट्या कोणत्या काळच्या पद्धतीने गुंडाळल्या आहेत ते आधी स्वतः ठरवा, फलक नंतर वाचा.